स्वस्त हँडी आणि छतावरची अँटेना

हॅम रेडिओचा नाद लागला की पहिला प्रश्न ठरलेला: हँडी, म्हणजे हातात धरायचा संच, कोणता घ्यायचा? एकीकडे चिनी बाओफेंग यूव्ही-५आर, दुसरीकडे २००४ पासून हॅम मंडळींच्या हातात रुळलेला, जपानच्या याएसू कंपनीचा एफटी-६०आर. दोन्ही दोन मीटर आणि सत्तर सेंटिमीटर या पट्ट्यांवर चालतात. ताकदही सारखीच, चार-पाच वॉट. किमतीत मात्र कितीतरी पटींचा फरक. मग जुनीजाणती मंडळी ठेवणीतला सल्ला काढतात: बाओफेंग घ्या आणि उरलेल्या पैशांत छतावर अँटेना चढवा.

हातकणंगले तालुक्यात हा सल्ला अर्धाच लागू पडतो.

अँटेना हवी, याबद्दल वाद नाही. या लहरी जवळपास सरळ रेषेत जातात, त्यामुळे वॉट वाढवण्यापेक्षा उंची वाढवलेली बरी. सपाट रानात उभ्या माणसाच्या हातातल्या अँटेनेला जेमतेम पाच किलोमीटरचे क्षितिज मिळते. तीच नऊ मीटरवर नेली तर बारा. त्यात तालुक्याच्या दक्षिणेला पंचगंगा, उत्तरेला वारणा आणि मध्ये रामलिंग, बाहुबलीचे डोंगर. इचलकरंजीतून हँडीवर मारलेली हाक कुंभोजला ऐकू येईल, या भरवशावर कोणी राहू नये. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरात शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग पाण्याखाली गेला होता. अशा वेळी वीज गेली आणि मोबाइल टॉवर बंद पडले, तर उंचावरच्या अँटेनेचे मोल कळते.

गोम पुढेच आहे. छतावरची अँटेना हवे ते सिग्नल आणते, तसे नको तेही आणते. बाओफेंगचा रिसीव्हर जवळजवळ सगळा एका चिपमध्ये मावलेला. रबरी अँटेनेवर तो बरा ऐकतो, पण मोठी अँटेना जोडली आणि आसपास जोरदार ट्रान्समीटर असला की बधिर होतो. एफटी-६०आर जुन्या सुपरहेटरोडाइन पद्धतीचा आहे, तो अशा गर्दीत जास्त तग धरतो.

बोलतानाही तेच. दोन मीटरच्या पट्ट्यात, म्हणजे १४५ मेगाहर्ट्झवर बटण दाबले की संचातून थोडाफार कचरा २९० आणि ४३५ वरही निघतो. अमेरिकेतील हॅम संघटना एआरआरएलच्या प्रयोगशाळेने तपासलेल्या बाओफेंगपैकी अनेक संच या बाबतीत मर्यादेबाहेर निघाले. आणि दोन मीटरची साधी अँटेना नेमकी ४३५ वरही झकास चालते, म्हणजे छतावरून कचरा लांबवर जातो.

म्हणून या स्तंभाचे मत असे: शिकायला, खिशात घालून डोंगर चढायला, पडला तरी हळहळ वाटू नये म्हणून बाओफेंग खुशाल घ्यावा. छतावर अँटेना चढवायचीच असेल, तर एफटी-६०आर घ्यावा, वापरलेला मिळाला तरी. त्याला सहा पेन्सिल सेलची पेटी वेगळी मिळते. वीज नसताना किराणा दुकानातल्या सेलवर कमी ताकदीने बोलण्यापुरती सोय होते.

परवाना मात्र दोन्हींना लागतो. दूरसंचार विभागाच्या परीक्षेला वयाची बारा वर्षे पुरतात आणि रिस्ट्रिक्टेड श्रेणीला मोर्सची सक्ती नाही. बाओफेंग १३६ ते १७४ मेगाहर्ट्झपर्यंत कुठेही बोलू देतो. भारतात हॅमला त्यातले १४४ ते १४६ एवढेच खुले आहे. मे २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने वॉकी-टॉकीच्या बेकायदा विक्रीवरून १३ ई-कॉमर्स कंपन्यांना नोटिसा धाडल्या. ऑनलाइन खरेदीआधी तेवढे ध्यानात असू द्यावे.

अँटेनेची केबल घेताना टोकही पाहून घ्यावे. याएसूच्या संचावर भोक असते, बाओफेंगवर पिन. एकाची केबल दुसऱ्याला अडॅप्टरशिवाय बसत नाही.