बॅटरी बदलण्यापूर्वी लाल दिवा पाहा

कंधारहून लोहा, नांदेड, मुखेडकडे धावणाऱ्या काळ्या-पिवळ्या जीपगाड्यांवर आपली कितीतरी घरे चालत आली आहेत. गाडी एक, तिचा हप्ता दरमहा आणि खाणारी तोंडे सात-आठ. अशी गाडी ऐन लग्नसराईत दोन दिवस उभी राहिली तर घरात काय होते, हे वाचक भगिनींना आम्ही सांगायला नको. म्हणून या वेळी गाडीच्या चार्जिंगविषयी.

तक्रार बहुधा एकच असते. सकाळी सेल्फ फिरत नाही, धक्का मारावा लागतो आणि डॅशबोर्डवरचे काटे मेल्यासारखे पडून राहतात. कोणीतरी म्हणतो, बॅटरी गेली. उसनेपासने करून नवी बॅटरी येते आणि चार दिवसांत पुन्हा धक्का सुरू! बॅटरी म्हणजे रांजण आहे. पाणी भरणाराच आला नाही तर नवा रांजण आणून काय उपयोग?

भरण्याचे काम अल्टरनेटर करतो. आपल्याकडचे मेकॅनिक त्याला अजून डायनामोच म्हणतात. फॅनबेल्टवर तो फिरतो. चुंबक आणि तारेचे वेटोळे यांच्या हालचालीतून वीज निर्माण होते, हे फॅरेडे यांनी १८३१ साली दाखवून दिले. अल्टरनेटर त्याच तत्त्वावर चालतो. फरक एवढाच की, यातले चुंबक विजेवर तयार होते. म्हणजे वीज निर्माण करायला आधी थोडी वीज द्यावी लागते. ती पुष्कळ गाड्यांत डॅशबोर्डवरच्या बॅटरीचे चित्र असलेल्या लाल दिव्यातून जाते.

खरी मेख येथेच आहे. चावी फिरवली, इंजिन अजून बंद आहे, अशा वेळी हा दिवा लागलाच पाहिजे आणि इंजिन सुरू झाल्यावर विझला पाहिजे. चालू गाडीत तो पेटला तर सगळे घाबरतात. पण चावी फिरवूनही लागला नाही तर लोक समजतात, सर्व ठीक आहे. तसे नसते. बल्ब उडाला असेल किंवा त्याला वीजच मिळत नसेल, तर अल्टरनेटर जागाच होत नाही. दिवाही नाही आणि काटेही मेलेले, असे दोन्ही एकदम झाले तर आधी फ्यूज पाहावा. कित्येक गाड्यांत या दोन्हींना एकाच फ्यूजमधून वीज जाते. फ्यूज दिसायला शाबूत असला तरी त्याची पकड गंजलेली असू शकते. ती काचपेपरने घासावी. सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून काम भागवणारे आम्ही पाहिले आहेत. त्यात वायरिंग जळते, प्रसंगी गाडीही. नवा फ्यूज पुन्हा उडाला तर कुठेतरी वायर घासून पत्र्याला लागली आहे, ती शोधावी.

दिवा बरोबर आहे, पण डिझेलचा आणि तापमानाचा असे दोनच काटे पडले असतील तर जुन्या गाडीत त्या दोघांना कमी दाबाची वीज देणारा छोटा रेग्युलेटर किंवा डॅशबोर्डची अर्थिंग तपासावी. एकच काटा मेला असेल तर टाकीवरची किंवा इंजिनवरची त्याची वायर पाहावी. केबलवर चालणारा स्पीडोमीटर या हिशेबात धरू नये.

ओढून बंद करायच्या जुन्या डिझेल जीपचे आणखी एक लबाड वागणे आहे. इंजिन एकदा सुरू झाले की त्याला विजेची गरज उरत नाही. चार्जिंग बंद असूनही ती नांदेडपर्यंत झकास जाते. स्टँडवर बंद केल्यावर मात्र सेल्फ फिरत नाही. रात्र असेल तर वाटेतच हेडलाईट मंदावतात.

बेल्ट अंगठ्याने दाबून पाहावा. साधारण अर्धा इंच दबला तर ठीक. जुन्या जीपमध्ये याच बेल्टवर पाण्याचा पंपही फिरतो. बेल्ट तुटला, तापमानाचा काटा आधीच मेलेला आणि बाहेर मे महिन्याचे ऊन, मग इंजिन उकळल्याचे कळते ते हेड गॅसकेट गेल्यावर. म्हणून मेलेल्या काट्यावर फेऱ्या मारू नयेत, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मल्टिमीटर असेल तर काम सोपे होते. इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसावेत. १२ च्या आसपास राहून उतरत गेले तर चार्जिंग नाही. १५ च्या वर गेले तर रेग्युलेटर बिघडला आहे, बॅटरीतले पाणी तो आटवून टाकील. अगदी नव्या गाड्यांत संगणक हा आकडा कमीजास्त करतो, तेथे एवढ्यावरून निकाल देऊ नये. आणि चालू इंजिनवर बॅटरीची वायर काढून चार्जिंग पाहण्याची डायनामोच्या काळातली सवय आता सोडावी. त्या झटक्याने अल्टरनेटरचे डायोड जळतात.

एवढे झाल्यावरच बॅटरीकडे वळावे. ती बाहेरून पूर्ण चार्ज करून वायर सोडवून रात्रभर ठेवावी. सकाळी १२.४ च्या खाली उतरली किंवा सेल्फ मारताना साडेनऊच्या खाली गेली, तरच नव्या बॅटरीसाठी दुकानाची पायरी चढावी.