एका आगळ्या खेळाविषयी

मुले खेळात वेळ दवडतात ही तक्रार फार जुनी आहे. आमच्या आजोबांच्या पिढीने ती विटीदांडूविषयी केली, वडिलांच्या पिढीने क्रिकेटविषयी केली, आणि आज आम्ही शिक्षक तीच तक्रार व्हिडिओ गेमविषयी करीत असतो. गतवर्षी मधल्या सुट्टीत आठवीतील एक विद्यार्थी अशाच एका खेळाचे वर्णन मोठ्या तल्लीनतेने करीत असता आम्ही त्यास खडसावले. खाली मान घालून तो म्हणाला, “सर, पण हा खेळ पुण्यात तयार झाला आहे. यातली मुलगी आपल्यासारखीच रक्षाबंधन करते.” या उत्तराने आम्ही ओशाळलो. पुढील रविवारी त्याच्या वडिलांच्या अनुमतीने त्याच्या घरी जाऊन आम्ही तो खेळ दोन तास पाहिला. आमचे मत का बदलले, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

खेळाचे नाव ‘राजी’. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या लहानशा संस्थेने तो रचला. २०१७ साली लोकवर्गणीतून भांडवल उभारण्याचा त्यांचा प्रयत्न फसला; तरीही काम न सोडता २०२० च्या ऑगस्टमध्ये त्यांनी हा खेळ प्रथम निन्टेन्डो स्विच या कन्सोलवर आणला. त्याच वर्षी गेम अवॉर्ड्स या जागतिक पारितोषिकांसाठी पदार्पणातील उत्कृष्ट खेळ म्हणून त्याचे नामांकन झाले. पारितोषिक दुसऱ्या खेळास मिळाले, ही गोष्ट वेगळी.

या खेळाची मोहिनी कशात आहे? आमच्या मते, तो रूढ वाटेने जात नाही यात. बाजारातील बहुतेक प्रसिद्ध खेळांचा नायक धिप्पाड शिपाई असतो आणि त्याच्या हाती बंदूक असते. येथे नायिका आहे डोंबाऱ्याचे खेळ करून पोट भरणारी एक मुलगी. राखीच्या दिवशी असुर गोलू या तिच्या धाकट्या भावास पळवून नेतात आणि ती त्याच्या शोधार्थ निघते. भिंतीवर धावणे, खांबाभोवती गरकन फिरणे, कोलांटी घेणे ही तिच्या पोटाची विद्या. तीच तिचे शस्त्र होते. दुर्गामाता तिला त्रिशूळ देते हे खरे, पण तो चालवावयाचा तिच्याच कसबाने. ज्या कलेस आपण रस्त्याच्या कडेला चार आणे टाकून पुढे जातो, तीच कला येथे असुरांस भारी पडते. गरिबाच्या कौशल्यास असा मान देणारा खेळ आम्हांस तरी नवा होता.

दुसरे नवल कथनाचे. मधले प्रसंग चामड्याच्या बाहुल्यांच्या छायाखेळाप्रमाणे दाखविले आहेत. ते पाहताना आम्हांस कुडाळजवळचे पिंगुळी आठवले. तेथील ठाकर कलावंतांनी या बाहुल्या आणि चित्रकथी पिढ्यान्‌पिढ्या जपल्या. त्यांपैकी परशुराम गंगावणे यांस २०२१ साली पद्मश्री मिळाली. देवदेवतांस खेळात आणणे हा त्यांचा अवमान नव्हे काय, असे काही वडीलधारे विचारतात. आमच्या कोकणात दशावतारी नाटकांत देव रात्रभर रंगमंचावर वावरतात आणि संकासुर हशाही पिकवतो. त्याने कोणाची भक्ती उणावल्याचे आम्ही पाहिले नाही.

विक्षिप्त वाटणारी कल्पना टाकाऊ नसते, याचा दाखला जपानमध्येही आहे. केइता ताकाहाशी हे मूळचे शिल्पकलेचे विद्यार्थी. त्यांच्या ‘कातामारी दामाशी’ या २००४ च्या खेळात वीतभरही उंची नसलेला एक राजपुत्र चिकट गोळा लोळवीत जातो. त्यास प्रथम टाचण्या आणि खोडरबर चिकटतात, मग गाई, माणसे आणि अखेर इमारतीही. आणि या गोळ्यांचे आकाशात तारे होतात. शेणकिड्यास पाहून एखाद्या मुलाने रचावी अशी ही गोष्ट! परंतु न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने २०१२ साली ज्या चौदा खेळांस आपल्या संग्रहात घेतले, त्यांत तिची गणना झाली.

‘राजी’ निर्दोष नाही. तो लवकर संपतो, त्यातील झुंजी पुढे पुढे एकसारख्या वाटतात, आणि कथेचा शेवट मनास अर्धवट वाटतो. शिवाय खेळ कितीही चांगला असला तरी डोळे, झोप आणि अभ्यास यांच्या मोबदल्यात तो घेऊ नये. हे बजावणे आमचे कर्तव्य आहे, आणि ते आम्ही सोडणार नाही.

तथापि एक कबुली द्यावयास हवी. आमची मायबोली कोंकणी. लहानपणी वर्गात ती तोंडून निसटली की आम्ही लाजून जात असू. जे आपल्या घरचे ते चारचौघांत दाखविण्याजोगे नाही, असा आमचा समज झाला होता. भोपाळात घरी मराठी आणि बाहेर हिंदी बोलणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांच्या मनातही ही लाज कधी कधी दिसते. त्या मुलाने खाली मान घालून सांगितलेले वाक्य खरे तर मान वर करून सांगावयाचे होते. ती मान आमच्या खडसावण्याने खाली गेली, याची आम्हांस अजून रुखरुख आहे.

आपल्या श्यामला टेकडीवरील जनजातीय संग्रहालयात मुलांच्या खेळांसाठी एक स्वतंत्र दालन आहे. विद्यार्थिमित्रांनो, सुट्टीत ते अवश्य पाहा. नंतर आजीजवळ बसून तिच्या लहानपणीचा एखादा खेळ विचारा आणि त्याचे नियम वहीत लिहून काढा. उद्या तुमच्यापैकी कोणी संगणकावर खेळ रचावयास बसेल, तेव्हा ती वही त्याच्या उपयोगी पडेल.