आंकडा जुळत नाहीं तेव्हां

शाळेच्या प्रयोगशाळेंत वरचेवर दिसणारें एक दृश्य आहे. विद्यार्थी लंबकाचे झोके मोजतो, आंकडेमोड करतो, आणि पाहतो तों उत्तर पुस्तकांतल्या उत्तराशीं जुळत नाहीं. तो इकडे तिकडे नजर टाकतो, खोडरबर काढतो आणि निरीक्षणाचा आंकडा हळूच बदलून उत्तर जुळवून घेतो. वही नीटनेटकी दिसते, गुणही मिळतात. एवढ्याशा खाडाखोडीनें काय मोठेंसें बिघडलें, असें पुष्कळांस वाटेल. आमच्या मतें तींत फार मोठें बिघडतें. आणि तें कसें, हें अंतराळयानांच्या गणिताचें उदाहरण घेऊन सांगावें असें मनांत आहे.

पृथ्वीभोंवतीं फिरणारें यान परत येऊं लागतें तेव्हां त्याचा वेग सेकंदास सुमारें पावणेआठ किलोमीटर असतो. अशा वेगानें तें वातावरणांत शिरलें म्हणजे पुढील हवेस बाजूस सरण्यास अवसरच मिळत नाहीं. ती एकाएकीं दाबली जाते आणि यानापुढें आघात-तरंगाचा जणूं पडदाच उभा राहतो. यान केवळ हवेच्या घर्षणानें तापतें अशी सामान्य समजूत आहे. परंतु उष्णतेचा मोठा भाग या दाबल्या गेलेल्या हवेंतूनच येतो. तेथील उष्णतामान कित्येक हजार अंशांवर जातें. प्राणवायूचे आणि कांहीं अंशीं नत्रवायूचेही रेणु फुटून त्यांचे अणु सुटे होतात. पाठ्यपुस्तकांतील साध्या हवेचे नियम तेथें जसेच्या तसे लागू पडत नाहींत.

अशा यानाचें तोंड बाणासारखें टोंकदार असावें, असें कोणासही वाटेल. परंतु अमेरिकेंतील एम्स प्रयोगशाळेंतील एच. ज्युलियन ॲलन व आल्फ्रेड एगर्स यांनीं १९५० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांतच गणितानें दाखवून दिलें कीं, बोथट तोंडच अधिक सुरक्षित. कारण अशा तोंडापुढें आघात-तरंग अंतर राखून उभा राहतो आणि बहुतेक उष्णता हवेबरोबरच निघून जाते. ज्या ठिकाणीं सामान्य तर्क फसतो त्या ठिकाणीं गणित वाट दाखवितें, तें असें.

मग यानाची परीक्षा आधीं घ्यावयाची कशी? लहान प्रतिकृति वायुबोगद्यांत ठेवून तिच्यावर वेगानें हवा सोडतात. परंतु तो प्रचंड वेग, ती उष्णता, ती विरळ हवा आणि यानाचा खरा आकार, हें सर्व एकाच वेळीं कोणत्याही बोगद्यांत साधत नाहीं. आणि जेथें वेग व उष्णता बरीचशी साधते, तेथें तो झोत सेकंदाच्या कांहीं सहस्रांश भागापुरताच टिकतो. म्हणून संगणकाचें साह्य घ्यावें लागतें. यानाभोंवतालची जागा लाखों लहान लहान घरांत वांटून प्रत्येक घराचा जमाखर्च मांडतात: शेजारच्या घरांतून किती हवा आली, किती गेली, किती जोर व किती ऊर्जा तिजबरोबर आली, किती रेणु फुटले, किती पुन्हां जुळले. वाण्याच्या कीर्दीसारखाच हा हिशेब. मात्र तो असंख्य वेळां करावा लागतो. आणि कीर्दीचा एक नियम येथेंही लागू आहे: जी रक्कम वहींत मांडलीच नाहीं, ती बेरजेंत कोठून दिसणार?

याचें ठळक उदाहरण म्हणजे अमेरिकेच्या ‘कोलंबिया’ यानाचें पहिलें उड्डाण. १२ एप्रिल १९८१ रोजीं जॉन यंग व रॉबर्ट क्रिपन हे दोघे त्यांतून निघाले आणि १४ एप्रिल रोजीं परत आले. त्यापूर्वीं तें यान माणसांवांचून एकदांही अंतराळांत गेलेलें नव्हतें. दोघांचे प्राण पूर्वअंदाजांवरच विसंबून होते. वातावरणांत शिरतांना यानाचें नाक सुमारें ४० अंश वर राखावयाचें होतें, आणि तोल सांवरण्यासाठीं मागील बाजूस एक रुंद झडप बसविलेली होती. ती किती अंश वळवावी लागेल याचा अंदाज मुख्यतः वायुबोगद्यांतील प्रयोगांवरून बांधला होता. प्रत्यक्षांत ती अंदाजाच्या जवळजवळ दुप्पट वळवावी लागली! झडपेंत तेवढी सवड ठेवलेली होती, म्हणूनच तोल राहिला. बोगद्यांतील हवा तितक्या वेगाची नव्हती आणि तितकी तप्तही नव्हती. तिचे रेणु फुटत नव्हते. उड्डाणांत ते फुटले, यानाच्या पोटाखालील दाबाची वांटणी थोडी बदलली, आणि नाक वर उचलणारा जोर वाढला. वहींत न मांडलेली रक्कम ती हीच.

‘यान सुखरूप उतरलें, मग फरकाची चर्चा कशाला?’ असें म्हणून शास्त्रज्ञांस स्वस्थ बसतां आलें असतें. त्यांनीं तसें केलें नाहीं. तो फरक त्यांनीं प्रसिद्ध केला, त्याचें कारण शोधलें. आणि संगणकांची शक्ति वाढल्यावर, १९९० नंतरच्या दशकांत, रेणूंची फूट हिशेबांत धरून केलेलें गणित उड्डाणाशीं चांगलें जुळलें. पुढें ७ डिसेंबर १९९५ रोजीं ‘गॅलिलिओ’ यानाचा शोधक गुरूच्या वातावरणांत सेकंदास सुमारें ४७ किलोमीटर वेगानें शिरला. त्याच्या उष्णतारक्षक कवचांत मापक यंत्रें बसविलीं होतीं. त्यांनीं कळविलें कीं, कवच नाकाशीं अंदाजाहून कमी झिजलें, पण कडांशीं अंदाजाहून अधिक झिजलें. तीं यंत्रें नसतीं तर ‘शोधक वांचला, गणित बरोबर होतें’ असाच समज झाला असता.

आतां संगणक इतके समर्थ झाले आहेत कीं खर्चिक प्रयोग हवेत कशाला, असें कोणी म्हणतात. गणित चुकतें, तर त्यावर भिस्त कशाला, असेंही कोणी म्हणतात. आम्हांस दोन्ही मतें एकांगी वाटतात. गणितावांचून प्रयोग आंधळा, आणि प्रयोगावांचून गणित आपल्याच गृहीतांत कोंडलेलें. आपल्या देशानेंही हीच वाट धरली. जानेवारी २००७ मध्यें ५५० किलोग्रॅम वजनाचें ‘एसआरई–१’ यान पृथ्वीभोंवतीं फिरून बंगालच्या उपसागरांत उतरविलें. १८ डिसेंबर २०१४ रोजीं माणसें नेण्याजोग्या घडणीचें ‘केअर’ हें यान, आंत कोणी न बसवितां, तसेंच उतरविलें. आधीं रिकामें यान आणि मग माणूस, हा क्रम भित्रेपणाचा नव्हे, विवेकाचा आहे.

विद्यार्थिमित्रहो, जुळत नसलेला आंकडा हा तुमचा शत्रु नव्हे. आपण कांहींतरी मांडावयाचें विसरलों, एवढेंच तो सांगत असतो. त्याला खोडून टाकणें म्हणजे सांगणाऱ्याचेंच तोंड बंद करणें होय. तो तसाच राहूं द्या, आणि त्याच्याखालीं आपण काय गृहीत धरलें होतें तें लिहा. पालकांस व गुरुजनांस आमची विनंति आहे कीं, अशा प्रामाणिक वहीस, उत्तर चुकलें तरी, दोन शब्द कौतुकाचे द्यावे. आज लंबकाचा आंकडा बदलणारा हात उद्यां एखाद्या यानाचा हिशेब करीत असेल. आणि त्या यानांत कोणाचा तरी मुलगा किंवा मुलगी बसलेली असेल.