कानाला शिक्षण, तोंडाला कुलूप

प्राध्यापकांच्या प्रशिक्षणासाठी पॉडकास्ट हे नवे साधन सुचविले जात आहे. तज्ज्ञाचे भाषण ध्वनिमुद्रित करावे, शिक्षकाने ते मोबाइलवर उतरवून घ्यावे आणि सवडीने ऐकावे, अशी ही सुटसुटीत योजना. साधन स्वस्त आहे. त्याचे स्वागतच केले पाहिजे. प्रश्न साधनाचा नाही. सवड कोणाची, हा प्रश्न आहे.

पंढरपूर तालुक्यातील करकंबसारख्या गावात राहून तालुक्याच्या वा जिल्ह्याच्या ठिकाणी तासिका तत्त्वावर शिकविणाऱ्या शिक्षकाचा विचार करा. तास झाला तर मोबदला. सुट्टी लागली की हात रिकामे. नेमणूक दरवर्षी नव्याने. त्याने एस. टी.त बसून कानाला यंत्र लावावे आणि गुणवत्ता वाढवावी, असा उपदेश करणारे त्या वेळेचे दाम कोणी द्यायचे याविषयी मौन पाळतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांत उजळणी वर्ग आणि ऑनलाइन अभ्यासक्रम पदोन्नतीशी जोडलेले आहेत. ज्याला पदच नाही, त्याला पदोन्नती कुठली? कायम शिक्षकाचे प्रशिक्षण ही सेवा ठरते, तासिका शिक्षकाचे प्रशिक्षण मात्र त्याचा खासगी छंद!

ध्वनीच्या माध्यमातून प्रौढांना शिकविण्याचा प्रयोग या भूमीला नवा नाही. १९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने पाच जिल्ह्यांतील सुमारे दीडशे खेड्यांत शेतकऱ्यांची श्रोतृमंडळे चालविली. गावकरी एकत्र बसून कार्यक्रम ऐकत, लगेच चर्चा करीत. त्यांचे प्रश्न केंद्राकडे जात आणि पुढील कार्यक्रमांत त्यांची दखल घेतली जाई. ऐकणारा तेथे बोलणाराही होता. शेतकऱ्याला तेव्हा जो मान मिळाला, तो आजच्या प्राध्यापकाला का नाकारावा?

एकट्याने ऐकलेले व्याख्यान माहिती देईल. पण शेतमजुराच्या घरातून प्रथमच महाविद्यालयात आलेल्या मुलीला अर्थशास्त्र तिच्या भाषेत कसे उलगडून सांगावे, हे सहकाऱ्यांशी वाद घातल्यावाचून उमगत नाही. वादाला जागाच न ठेवणारे प्रशिक्षण म्हणजे ध्वनिमुद्रित परिपत्रक.

म्हणून मागण्या स्पष्ट असल्या पाहिजेत. ऐकण्याचा आणि चर्चेचा वेळ कामाचा वेळ म्हणून मोजावा व त्याचा मोबदला तासिका शिक्षकांनाही मिळावा. या ध्वनिमाला मराठीत असाव्यात आणि त्यांत ग्रामीण महाविद्यालयांतील शिक्षकांचा आवाज उमटावा. प्रत्येक महाविद्यालयात श्रोतृमंडळ असावे. सोलापूर जिल्ह्यासाठी २००४ पासून स्वतंत्र विद्यापीठ आहे. एका जिल्ह्यात अशी मंडळे बांधणे त्याला अशक्य नाही. आणि या साऱ्याआधी रिक्त पदे कायम नेमणुकांनी भरावीत.

कार्यकर्त्यांनी शिक्षक संघटनांच्या बैठकांत हा विषय नेला पाहिजे. यंत्राला विरोध करण्याचे कारण नाही. यंत्राच्या आडून फुकटच्या श्रमाची वसुली होत असेल, तर तिला विरोध करणे हे कर्तव्य आहे.