कंपनी जरूर काढा. पण आपले नाव उसने देऊ नका
बेंगळुरूतील मराठी बांधवांना जाहीर आवाहन




1981 साली पुण्यात दहा हजार रुपयांच्या भांडवलावर सुरू झालेली इन्फोसिस 1983 मध्ये बेंगळुरूला आली. त्यानंतर पुण्या-मुंबईहून, सांगली-कोल्हापूरहून, बेळगावहून कितीतरी मराठी तरुण याच शहरात येऊन स्थिरावले. आता त्यांतल्या अनेकांना स्वतःचे काही उभे करायचे आहे. सोने-चांदी गाळण्याच्या गलाई व्यवसायातली पुढची पिढी, घरून फराळाच्या ऑर्डरी घेणाऱ्या भगिनी, व्हाइटफील्ड-मराठाहळ्ळीकडे नोकरी करून रात्री स्वतःचे ॲप बनवणारे मित्र, सगळे एकच विचारतात: कंपनी कशी काढायची? पूर्वीच्या मानाने हे काम खूप सोपे झाले आहे. पण या सोपेपणाचा फायदा लबाड माणसेही घेत आहेत, म्हणून हे आवाहन.

आधी रीत समजून घेऊ. कॉर्पोरेट व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर फेब्रुवारी 2020 पासून ‘स्पाइस प्लस’ हा एकत्रित अर्ज आहे. त्याच्या पहिल्या भागात कंपनीचे नाव राखून ठेवता येते. मंजूर झालेले नाव 20 दिवस आपले असते. दुसऱ्या भागात प्रत्यक्ष नोंदणी होते आणि तिच्याबरोबरच संचालक ओळख क्रमांक, पॅन, टॅन, भविष्यनिर्वाह निधी, कर्मचारी राज्य विमा आणि बँक खाते यांचीही सोय होते. जीएसटी हवा असेल तर तोही त्यातच मागता येतो. कर्नाटकात व्यवसाय कराची नोंदणीही याच अर्जातून होते. अर्ज हरियाणातल्या मानेसर येथील केंद्रीय नोंदणी केंद्रात तपासले जातात. पुढे कंपनी आपल्या कोरमंगलातल्या केंद्रीय सदनमधील कंपनी निबंधकांच्या अखत्यारीत येते.

खाजगी कंपनीला किमान दोन भागधारक आणि दोन संचालक लागतात. एकट्याने करायचे असेल तर एकव्यक्ती कंपनीचा मार्ग आहे. एक लाख रुपयांच्या किमान भांडवलाची अट 2015 मध्येच गेली. अधिकृत भांडवल 15 लाखांपर्यंत असेल तर मंत्रालयाचे नोंदणी शुल्क शून्य आहे. मुद्रांक शुल्क, पॅन-टॅनचे शुल्क, डिजिटल सही आणि अर्ज प्रमाणित करणाऱ्या सीए, कंपनी सेक्रेटरी (सीएस) किंवा वकिलाची फी हाच खरा खर्च. भाड्याच्या घराचा पत्ताही चालतो. त्यासाठी भाडेकरार, घरमालकाचे ना-हरकत पत्र आणि दोन महिन्यांच्या आतले बेस्कॉमचे वीजबिल लागते.

आता धोक्याकडे वळू. सप्टेंबर 2022 मध्ये सक्तवसुली संचालनालयाने बेंगळुरूत सहा ठिकाणी छापे घातले. झटपट कर्ज देणाऱ्या आणि मग कर्जदारांना छळणाऱ्या ॲप्सविरुद्ध शहराच्या सायबर पोलिसांनी नोंदवलेल्या 18 गुन्ह्यांवरून हा तपास चालू होता. त्या कंपन्यांची सूत्रे चिनी व्यक्तींच्या हाती होती. भारतीयांच्या बनावट कागदपत्रांवर त्यांना नामधारी संचालक केले गेले, असे संचालनालयाने त्या वेळी जाहीर केले. नोंदवलेल्या पत्त्यांवर त्या कंपन्या सापडल्या नाहीत.

बनावट कागद वापरले गेले, तर तो माणूस निदान बळी तरी ठरतो. पण ‘महिन्याला थोडे पैसे मिळतील, फक्त आधार, पॅन आणि ओटीपी दे,’ या बोलण्याला भुलून जो स्वतःहून नाव देतो, त्याची बाजू लंगडी पडते. कारण संचालक होण्याची संमती आणि कायद्याचे पालन करीन हे प्रतिज्ञापन त्याच्याच डिजिटल सहीने दिलेले असते. त्या सहीला कायद्यात हाताने केलेल्या सहीइतकेच वजन आहे. नोंदणीच्या वेळी खोटी माहिती दिल्यास कंपनी कायद्याचे 447 वे कलम लागते आणि मोठ्या फसवणुकीला सहा महिने ते दहा वर्षे कैद होऊ शकते. दुसऱ्याला जामीन राहताना आपल्या घरातली वडीलधारी माणसे दहादा विचार करत. संचालक म्हणून नाव देताना तोच विचार करायला हवा.

म्हणून आमची कळकळीची विनंती आहे:

1. ज्या धंद्यात आपला पैसा, वेळ किंवा निर्णय नाही, त्याचे संचालक होऊ नका. सांगणारा मित्र असो, नातेवाईक असो वा कार्यालयातला वरिष्ठ.

2. डिजिटल सहीचे डोंगल सल्लागाराच्या कपाटात ठेवू नका. काम झाले की ते घरी आणा. ओटीपी कोणालाही फोनवर सांगू नका.

3. अर्ज भरला जात असताना स्वतः समोर बसा. कंपनीचा उद्देश, भागभांडवल, कोणाकडे किती शेअर, हे सही करण्याआधी वाचा. पोर्टलवरचे खाते आपल्याच ईमेल आणि मोबाइलवर ठेवा.

4. कंपनी खरोखर हवी आहे का, ते आधी ठरवा. लहान घरगुती व्यवसायाला सुरुवातीस मालकी व्यवसाय आणि उद्यम नोंदणी पुरते. उद्यम नोंदणी सरकारी संकेतस्थळावर विनामूल्य आहे. तिच्यासाठी पैसे मागणाऱ्या संकेतस्थळांपासून दूर राहा.

5. नोकरीत असाल तर नियुक्तीपत्रातल्या अटी वाचूनच संचालक व्हा.

6. नोंदणीनंतरची कामे विसरू नका. पहिला लेखापरीक्षक 30 दिवसांत नेमायचा असतो. भागभांडवल जमा झाल्याचे सांगून व्यवसाय सुरू झाल्याची घोषणा 180 दिवसांत करायची असते. धंदा शून्य असला तरी वार्षिक विवरणे भरावीच लागतात. उशीर झाला की प्रत्येक विवरणामागे दिवसाला शंभर रुपये चढत जातात. 2017 मध्ये सरकारने दोन लाखांहून अधिक कंपन्या यादीतून काढल्या आणि तीन लाखांहून अधिक संचालकांना अपात्र ठरवले. सलग तीन वर्षे विवरणे न भरणाऱ्या कंपनीचे संचालक पाच वर्षांसाठी अपात्र होतात. बंद पडलेली कंपनी तशीच टाकून देऊ नका, रीतसर बंद करा.

शहरातल्या मराठी सीए, सीएस आणि वकील मंडळींनाही एक विनंती. गणेशोत्सवात, कोजागरीला, मंडळाच्या मासिक कार्यक्रमात तासभर या विषयाला द्या. नवख्या माणसाचा अर्ज त्याच्यासमोर बसून एकदा वाचून दाखवा. आणि आई-वडिलांनो, मुलगा किंवा मुलगी ‘सहज नाव दिले’ असे म्हणाली, तर त्याच दिवशी एखाद्या जाणकाराकडे जा आणि राजीनाम्याची प्रक्रिया सुरू करा. नकळत नाव वापरले गेले असेल तर सायबर पोलिसांकडे आणि कंपनी निबंधकांकडे लेखी तक्रार करा. उशीर जितका होईल, तितके बाहेर पडणे अवघड होईल.

मराठी माणसाने उद्योगात यावे, हे आपण वर्षानुवर्षे म्हणत आलो. आज सरकारी दार घरबसल्या उघडते. त्यातून आत जा, पण स्वतःच्या नावाने, स्वतःच्या सहीने आणि सगळे वाचून. ज्यांना हे पोचायला हवे, त्यांना आजच हे आवाहन वाचायला द्या.

आपले,
बेंगळुरूतील काही मराठी उद्योजक आणि व्यावसायिक