भविष्य फक्त खेळाडूलाच असतं काय?

एक गोष्ट मला कुणीतरी समजावून सांगावी. नामांकित खेळाडूला बाईवरच्या अत्याचारासाठी शिक्षा झाली की लोकांना रडू कुणासाठी फुटतं? पोरीसाठी नाही, त्याच्यासाठी. 'काय ताकदीचा गडी होता', 'पोराचं भविष्य बुडालं', 'एका चुकीची केवढी शिक्षा!' निकाल लागेपर्यंत आरोपी तो असतो. निकाल लागला की लोकांच्या कोर्टात आरोपी ती होते. तिनं त्याचं वाटोळं केलं म्हणे!

हे रडणं दोन प्रकारचं असतं. एक वरच्यांचं. त्यांना आपलं खानदानी पोरगं गुन्हेगार दिसूच शकत नाही. दुसरं तुडवलेल्यांचं. त्यांना वाटतं, आपला एक गडी वर चढला होता, तो व्यवस्थेनं मुद्दाम खाली ओढला. पहिल्या रडण्यावर थुंकणं सोपं आहे. दुसऱ्याबद्दल बोलायला छाती लागते. मला दोन्हींबद्दल बोलायचंय.

खटले अमेरिकेतले घेतो. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती तिथल्या ब्लॅक पँथरांवरून नाव घेऊन. ज्यांचं नाव घेतलं त्यांच्या घरातलं भांडणही डोळे उघडून बघायला पाहिजे.

पहिला खटला पोहणाऱ्याचा. ब्रॉक टर्नर, कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संघातला. गोरा, खात्यापित्या घरचा. जानेवारी २०१५ मध्ये एका पार्टीनंतर कचऱ्याच्या पेटीमागं, शुद्ध हरपलेल्या पोरीवर यानं अत्याचार केला. सायकलवरून चाललेल्या दोन स्वीडिश विद्यार्थ्यांनी बघितलं. हा पळाला, त्यांनी धरून ठेवला. मार्च २०१६ मध्ये ज्युरीनं तीन गंभीर गुन्ह्यांत दोषी ठरवला. सरकारी वकिलानं सहा वर्षं मागितली. न्यायाधीश एरन पर्स्कीनं २ जूनला सहा महिने दिले, तेही जिल्ह्याच्या जेलात. तीन महिन्यांत पोरगं बाहेर!

कारण काय दिलं? तर तुरुंगाचा त्याच्यावर फार वाईट परिणाम होईल. आता तुरुंगाचा चांगला परिणाम झालेला एक तरी कैदी मला दाखवा. हाच न्याय सगळ्यांना लावला तर येरवड्यापासून कॅलिफोर्नियापर्यंत सगळी जेलं उद्या सकाळी रिकामी करावी लागतील. पण हा न्याय सगळ्यांसाठी नव्हताच. तो वेगात पोहणाऱ्या गोऱ्या पोरासाठी होता.

त्याच्या बापानं न्यायाधीशाला पत्र लिहिलं. पोराला मटणाचा मोठा तुकडा भाजून खायला आवडायचा, आता त्याला जेवण जात नाही. 'वीस मिनिटांच्या कृत्या'साठी ही किंमत फार मोठी आहे. वीस मिनिटं! बापाला घड्याळ कळलं, भूक कळली, पण ती स्वतःच्या पोराची. दुसऱ्याच्या पोरीच्या घशाखाली घास उतरतो का नाही, हा प्रश्न त्या पत्रात कुठं बसणार?

त्या पोरीनं शिक्षेच्या दिवशी कोर्टात निवेदन वाचलं. आपल्यासोबत काय झालं हे तिला बातमीतून कळलं, कामावर बसलेली असताना. आणि त्याच बातमीच्या शेवटी त्याच्या पोहण्याच्या वेळा दिल्या होत्या! अमुक अंतर इतक्या सेकंदात. हे छापणारे काय सांगत होते? की बघा, केवढा माल वाया चाललाय. ते निवेदन लाखो लोकांनी वाचलं आणि देश पेटला. जून २०१८ मध्ये मतदारांनी पर्स्कीला खुर्चीवरून खाली खेचलं. कॅलिफोर्नियात न्यायाधीशाला असं मतानं हाकलण्याची १९३२ नंतरची ही पहिली वेळ. २०१९ मध्ये तिनं स्वतःच्या नावानं पुस्तक लिहिलं. शनेल मिलर तिचं नाव. तोवर जगाला त्याचं नाव पाठ होतं.

इथपर्यंत तुम्ही माना डोलावताय. गोऱ्यांचा न्याय, गोऱ्यांची लबाडी, आपल्याला नवीन काय त्यात? आता दुसरा खटला घ्या.

माईक टायसन. काळा. ब्रुकलिनच्या गरिबीतून आला आणि विसाव्या वर्षी जगज्जेता झाला. आमच्या वस्तीतल्या व्यायामशाळेत अजून त्याचं पोस्टर आहे. पोरं त्याच्याखाली जोर काढतात. त्यातल्या एकाला मी विचारलं, हा जेलात कशासाठी गेला होता, ठावं हाय काय? म्हणाला, 'कान चावला म्हणून.'

नाही रे बाबा. कान चावला तो १९९७ मध्ये, होलीफिल्डचा. त्यासाठी त्याचा परवाना गेला, तीस लाख डॉलर दंड झाला. जेल झाली ती १९९२ मध्ये, अठरा वर्षांच्या काळ्या पोरीवरच्या बलात्कारासाठी. जुलै १९९१, इंडियानापोलिस शहर. काळ्यांच्याच महोत्सवात काळ्या पोरींची सौंदर्यस्पर्धा होती, ही तिथं आली होती. त्यानं गुन्हा कधीच कबूल केला नाही. ज्युरीनं फेब्रुवारीत दोषी ठरवला, मार्चमध्ये सहा वर्षांची शिक्षा झाली. १९९५ च्या मार्चमध्ये, तीन वर्षांत तो सुटला.

आणि लोक काय म्हणाले? रात्री दोन वाजता हॉटेलात गेलीच कशाला? पैशासाठी केलं. गोऱ्यांनी काळ्या वाघाला पिंजऱ्यात घालायला हिला पुढं केलं. काळ्या बायकासुद्धा हे बोलल्या. काळ्यांच्या सर्वांत मोठ्या बाप्टिस्ट संघटनेचे अध्यक्ष रेव्हरंड जेमिसन यांनी त्याला तुरुंगात पाठवू नये म्हणून सह्या गोळा करायची मोहीम काढली. जेमिसन म्हणजे कोणी भाडोत्री माणूस नव्हे. १९५३ मध्ये बॅटन रूज शहरात बसमधल्या भेदभावाविरुद्ध काळ्यांचा बहिष्कार ज्यांनी उभा केला, ते जेमिसन. बसमधल्या खुर्चीसाठी लढलेला माणूस आपल्याच पोरीला खुर्ची द्यायची वेळ आली तेव्हा तिच्याविरुद्ध उभा राहिला. हे मला सलतं.

का झालं असं? त्यामागं इतिहास आहे, तो मी पुसणार नाही. गोऱ्या बाईच्या नुसत्या शब्दावर काळ्या पुरुषांना झाडाला लटकवलं गेलं. १९३१ मध्ये स्कॉट्सबरोची नऊ पोरं खोट्या आरोपात अडकवली. १९५५ मध्ये चौदा वर्षांच्या एमेट टिलला हाल करून मारला. बलात्काराचा आरोप म्हटला की काळ्या माणसाच्या मानेला दोर जाणवतो तो उगीच नाही. पण दोस्तहो, इथं तक्रार करणारी काळीच होती! पूर्वजांच्या गळ्यातला दोर या लोकांनी उचलला आणि आपल्याच पोरीचं तोंड बांधायला वापरला. शोषणाची आठवण जेव्हा शोषणाचं हत्यार होते, तेव्हा चळवळ मेली असं खुशाल समजा.

आणि टायसनच्या वकिलांनी कोर्टात काय केलं? हा माणूस बायकांशी कसा वागतो हे जगजाहीर होतं, तेव्हा पोरीला कल्पना असणारच, असा बचाव मांडला. म्हणजे काळा पुरुष जनावर असतो ही गोऱ्यांचीच शिवी यांनी त्याच्या सुटकेसाठी वापरली. समाजाची इज्जत राखायला निघालेल्यांना ही बेइज्जती दिसली नाही.

धंदेवाल्यांचं तर विचारूच नका. पुढं दोनदा राष्ट्राध्यक्ष झालेल्या डोनाल्ड ट्रम्पनं तेव्हा सुचवलं होतं, की टायसनला जेलात कशाला घालता, त्याला लढू द्या आणि त्यातला पैसा बलात्कार झालेल्या बायकांसाठी द्या. ट्रम्पच्या अटलांटिक सिटीत टायसनच्या लढती व्हायच्या. भांडवलदाराची करुणा अशी गल्ल्यापासून निघते आणि गल्ल्यापाशी थांबते. सुटल्यावर ऑगस्ट १९९५ मध्ये पहिली लढत झाली. ८९ सेकंद चालली. त्याला मिळाल्याचं छापून आलं अडीच कोटी डॉलर. १९९६ मध्ये पुन्हा जगज्जेता. बघा म्हणजे, कान चावला तर मुष्टियुद्धाच्या मंडळानं परवाना काढून घेतला. बलात्काराची शिक्षा भोगून आला तर त्याच रिंगणानं पायघड्या घातल्या. कुठं गेलं बुडालेलं भविष्य?

जून १९९५ मध्ये हार्लेममध्ये त्याची मिरवणूक काढायचं ठरलं. आणि इथं मला ज्यांना सलाम करायचाय त्या बाया येतात. जिल नेल्सन या काळ्या पत्रकार बाईसोबत काही काळ्या बाया नि पुरुष उभे राहिले. म्हणाले, याला आमचा नायक करू नका. लोकांनी त्यांना गोऱ्यांच्या दलाल म्हटलं, घरभेद्या म्हटलं. त्या हटल्या नाहीत. शेवटी मिरवणूक रद्द झाली, अपोलो थिएटरपुढच्या कार्यक्रमावर भागवावं लागलं. समाजाची इज्जत कुणी राखली? ढोल आणणाऱ्यांनी की ढोल थांबवणाऱ्यांनी?

आता आपल्यातला एखादा हुशार म्हणेल, गोऱ्या टर्नरला सहा महिने आणि काळ्याला वर्षानुवर्षं, हा भेदभाव नाही काय? आहे. त्याच २०१६ साली नॅशव्हिलमध्ये कोरी बॅटी या काळ्या फुटबॉलपटूला शुद्धीत नसलेल्या पोरीवरच्या बलात्कारासाठी पंधरा वर्षं झाली. लोकांनी दोन्ही फोटो शेजारी शेजारी ठेवले, ते बरोबरच केलं. पण पुढचंही सांगा. त्याच खटल्यातल्या त्याच्या गोऱ्या साथीदाराला सतरा वर्षं झाली. तिथल्या कायद्यात कमीत कमी पंधरा वर्षं ठरलेली होती. न्यायाधीशाला दया दाखवायची मोकळीक नव्हती, तिथं गोऱ्यालाही सूट मिळाली नाही. मोकळीक होती तिथं दया आपल्या जातभाईकडं गेली.

मी तुरुंगाचा भक्त नाही. वर्षं वाढली की टाळ्या पिटणाऱ्यांतला मी नाही. पर्स्कीला हटवताना गरिबांचे खटले लढणाऱ्या कित्येक वकिलांनी बजावलं होतं, की घाबरलेले न्यायाधीश उद्या जास्त शिक्षा देतील आणि ती काळ्या, गरीब पोरांच्या डोक्यावर पडेल. या म्हणण्यात दम आहे. तुरुंग कुणानं भरलेत ते आपल्याला वेगळं सांगायला नको. म्हणून वर्षं किती, यावर भांडू या. पण 'त्यांचा सुटला, मग आमचाही सोडा' ही समता नव्हे. ही लुटीत वाटा मागणं आहे. हा वाटा ज्या पोरीच्या अंगावरून मागताय, ती कोण आहे? ती आपलीच आहे.

बाबासाहेबांनी १९४२ मध्ये नागपूरच्या महिला परिषदेत सांगितलं, समाजाची प्रगती मी बायकांच्या प्रगतीवरून मोजतो. ते माप फोटोखाली लिहायला नाही, वापरायला आहे. आपल्यातला एखादा पैलवान, एखादा कबड्डीपटू उद्या असल्या गुन्ह्यात सापडेल. त्याला खोटं अडकवलं असेल तर वकील उभा करा, पुरावे काढा, रस्त्यावर या. पण गुन्हा शाबित झाला, तर 'आपला माणूस' म्हणून हारतुरे घेऊन जेलच्या दारात उभे राहू नका. त्याआधी तिच्या घरी जा. ती शाळेत परत गेली का, कामावर जाते का, रात्री झोप येते का, ते विचारा. तिलाही काहीतरी व्हायचं होतं. त्याच्या पोहण्याच्या वेळा छापणाऱ्यांनी, त्याची मिरवणूक काढणाऱ्यांनी हे तिला कधी विचारलं नाही. तुम्ही विचारा.