‘यात नवीन काय?’

सुरुवातीलाच एक कबुली देऊन टाकते. माझी शाळा कॉन्व्हेंटची. ‘सदतीस’ म्हणजे थर्टी-सेव्हन की फॉर्टी-सेव्हन, हे मेसचं बिल भरताना मला अजूनही बोटांवर मोजावं लागतं. तेव्हा या लेखात ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर संपादक मंडळाला धरा, मला नको!

आता मुद्द्याचं. गेल्या महिन्यात आमच्या चौघींच्या ग्रुपने फायनल इयरच्या प्रोजेक्टसाठी विषय दिला : ‘जुन्या मोटारीच्या इंजिन वायरिंग हार्नेसची पुनर्बांधणी व चाचणी’. कागद दोन मिनिटांत परत आला. वर लाल शाईने एकच ओळ, ‘यात नवीन काय?’

राग आला, खोटं कशाला बोलू. पण हॉस्टेलच्या गच्चीवर दोन रात्री चर्चा केल्यावर वाटलं, प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर द्यायला हवं.

माझा मामा मर्चंट नेव्हीतून रिटायर झाला आणि त्याने आयुष्यभराची हौस म्हणून 1994 ची एक बडी युरोपियन गाडी घेतली. हा तिसरा मालक. (कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. एका कंपनीच्या माथ्यावर खापर फोडलं की आपण इंजिनिअर मंडळी मोकळी होतो, ते नको.) गाडी कसली, राजवाडाच! लाकडी डॅशबोर्ड, लेदर सीट, दार लावलं की बँकेच्या तिजोरीसारखा आवाज. फक्त घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये इंजिन तापलं, की राजवाडा आचके देत बंद पडायचा. थंड झाला की मुकाट्याने सुरू. तीन गॅरेजवाल्यांनी प्लग बदलले, कॉइल बदलली, पेट्रोल पंप बदलला. पैसे गेले, आचके राहिले.

चौथे भेटले ते साठीचे एक वायरिंग मिस्त्री. त्यांनी काहीच बदललं नाही. बॉनेट उघडलं, हार्नेसची वरची नळी ब्लेडने चिरली आणि आतली एक वायर बोटाने हलकेच वाकवली. भाजलेल्या शेंगदाण्याच्या टरफलासारखी वायरची साल गळून पडली. आत उघडं तांबं.

कारण ऐका. 1990 च्या दशकाच्या पूर्वार्धात युरोपातल्या काही गाड्यांमध्ये पर्यावरणाला त्रास कमी व्हावा म्हणून वायरीला वेगळ्या प्रकारचं आवरण वापरलं गेलं. हेतू उत्तम होता. पण इंजिनशेजारच्या उष्णतेत ते कडक होऊन तडकायला लागलं. आपण शिकलेला ढोबळ नियम आठवा : तापमान 10 अंशांनी वाढलं की प्लॅस्टिक म्हातारं होण्याचा वेग साधारण दुप्पट. केबिनमध्ये 40 अंश आणि इंजिनवर 100 अंश धरले, तर सहा वेळा दुप्पट, म्हणजे 64 पट! हिशेब कागदावरचा आहे, पण डॅशबोर्डखालची वायर मऊसूत आणि इंजिनवरची पापड, हे मी डोळ्यांनी पाहिलं. दोन उघड्या वायरी एकमेकींना चिकटल्या की सेन्सरचा 5 व्होल्टचा सिग्नल बिघडतो आणि इंजिनचा कॉम्प्युटर गोंधळतो. बॅटरीचे 12 व्होल्ट भलत्या पिनवर गेले, तर कॉम्प्युटरच जातो.

नवीन हार्नेस परदेशातून मागवायचा तर 1 लाख 30 हजार. गाडी घेतली होती 2 लाख 20 हजारांना. मामी म्हणाली, “भंगारात द्या आणि सुटा.” मिस्त्रीकाका म्हणाले, “मी बनवून देतो. बारा दिवस. पण लिहून घ्यायला कोणीतरी द्या. कनेक्टरवरचं इंग्लिश मला वाचता येतं, लिहिता येत नाही.”

अशी माझी नेमणूक झाली. पहिल्या दिवशी “ताई, ड्रेस खराब होईल” असं ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी त्यांनीच एक जुना शर्ट आणून दिला.

आधी बॅटरीची निगेटिव्ह काढली. जुना हार्नेस अलगद उतरवून प्लायवूडवर खिळे मारून जसाच्या तसा मांडला. मग प्रत्येक वायरीची नोंद : कोणता कनेक्टर, कितवी पिन, रंग, जाडी, लांबी. तिथेच मी घोळ घातला. तपकिरीवर पांढरी रेघ आणि पांढऱ्यावर तपकिरी रेघ, या दोन वेगळ्या वायरी. मी उलट लिहिल्या. काकांनी मल्टिमीटर लावून चूक पकडली आणि शांतपणे म्हणाले, “ही चूक गाडीत गेली असती, तर तुझ्या मामाला एक लाखाचा डबा घ्यावा लागला असता.” पोटात गोळा आला. परीक्षेत एवढ्या चुकीला अर्धा मार्क जातो.

वायर घ्यायला मी लोहार चाळीत गेले आणि रंग जुळतात म्हणून घरगुती वायर उचलून आणली. काकांनी परत पाठवली. ती पीव्हीसी वायर 70 अंशांची, इंजिनवर लागते क्रॉस-लिंक्ड आवरणाची 125 अंशांची. सोल्डरिंगमध्ये मी वर्गात पहिली, म्हणून मोठ्या ऐटीत बंदूक काढली. तीही खाली ठेवायला लावली! सोल्डर तारांमधून वर चढतं, तेवढा भाग ताठ होतो आणि इंजिनच्या थरथरीने वायर नेमकी तिथेच तुटते. टर्मिनल क्रिम्प करायचं आणि ओढून बघायचं. नॉक सेन्सरच्या वायरीची जाळी एकाच टोकाला अर्थ करायची, ‘दोन्हीकडे बांधली तर आवाज घुसतो’. मी ‘ग्राउंड लूप’ची व्याख्या दोन मार्कांसाठी पाठ केली होती. त्यांना ते नाव माहीत नव्हतं आणि मला ती गोष्ट.

बाराचे एकोणीस दिवस झाले, खर्च 27 हजार. मे महिन्याच्या भर दुपारी मामाने गाडी तासभर ट्रॅफिकमध्ये उभी केली. एकही आचका नाही.

आता कमिटीचा प्रश्न. माझ्या मते प्रत्येक डिझाइनच्या दोन परीक्षा असतात. पहिली गाडी बाजारात येते तेव्हा, दुसरी वीस वर्षांनी. दुसरीच्या वेळी डिझायनर हजर नसतो, फी मात्र तिसरा मालक भरतो. आपण चार वर्षांत फक्त पहिल्या परीक्षेचा अभ्यास करतो. चांगल्या हेतूचं आवरण का गळलं, हे शोधणं इंजिनिअरिंग नाही तर काय?

दुसरी बाजूही मान्य करते. जुनी गाडी धूर जास्त सोडते आणि हा हौशी लोकांचा नाद आहे. प्रत्येक खटारा वाचवा असं मी म्हणतच नाही. 2021 मध्ये आपल्याकडे वाहनं भंगारात काढण्याचं धोरण आलं, नापास गाडीने तिकडे जावं. पण डिसेंबर 2022 मध्ये केंद्र सरकारनेच ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं आणि त्यात वाहनंही आहेत. म्हणजे दुरुस्ती हा आता फक्त गॅरेजचा विषय उरलेला नाही. आज रस्त्यावर येणाऱ्या इलेक्ट्रिक गाड्यांतल्या नारिंगी केबलसुद्धा एक दिवस म्हाताऱ्या होणार. तिथे 12 व्होल्ट नाहीत, काहीशे आहेत. तेव्हा कोणाला बोलावणार? काकांची दोन्ही मुलं या धंद्यात आली नाहीत.

सरांना आणि मॅडमना विनंती एवढीच : दरवर्षी प्रत्येक विभागात निदान एक प्रोजेक्ट दुरुस्तीचा मंजूर करा. बिघाडाचं कारण, मोजमापं, चाचणीचा रिपोर्ट, सगळं मागा. सवलत नको. आणि तोंडी परीक्षेला एक मिस्त्री बोलवा, रीतसर मानधन देऊन. आम्हाला कोण जास्त घाम फोडतं ते बघूच!

मागच्या रविवारी काकांना कमिटीचा शेरा सांगितला. माझा चार्ट त्यांनी लॅमिनेट करून गॅरेजच्या भिंतीवर लावलाय. त्याकडे बघत ते म्हणाले, “नवीन काय? अगं, सगळ्या वायरी!”

प्रस्ताव सोमवारी पुन्हा देतोय.

– तृतीय वर्ष, विद्युत अभियांत्रिकी